नणंदेचा डोळा आणि माझी फुलपाखरं

गेल्या उन्हाळ्यात नणंद माझ्याकडे राहायला आली ती काळा चष्मा लावून. मुरबाडच्या पुढे तिचं सासर. किन्हवलीच्या फाट्यावर एसटीतून उतरली, पिशवी माझ्या हातात दिली आणि घरी येऊन घराकडे असं बघितलं की जसं काही ते विकत घ्यायचं आहे. थंडीत तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. चष्मा डॉक्टरने थोड्या दिवसांसाठी दिलेला, पण तिला तो आवडला. जेवताना लावायची, भाजी निवडताना लावायची, दिवेलागणीला देवापुढेही लावून बसायची.

"घरात तरी काढ गो बाय," मी म्हटलं. "अंधारात कोणाला दाखवतेस?"

"तुला. तुझ्याकडं नाय ना असा."

माझा नवरा तिचा थोरला भाऊ. तो जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ती उन्हाळ्यात यायची थांबली नाही. भाऊ गेला, आईबाप त्याच्याही आधी गेले, आता तिचं माहेर म्हणजे मी. तिला दुसरा इलाज नाही आणि मलाही नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ती परकरात होती, तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे. त्यात खंड फक्त भातलावणीपुरता.

ती पोचली त्याच दिवशी भाच्याचा, म्हणजे तिच्या मुलाचा, मला फोन आला. आई जवळ नाही ना, हे त्याने आधी विचारून घेतलं.

"मामी, दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळतेय. पावसाच्या आधीची. डॉक्टर बोलतो, आता मोतीबिंदू पिकलाय, अजून लांबवलं तर अवघड जाईल. पण आई तयारच नाय."

"का?"

"बोलते, पहिलाच डोळा बरा झाला का बिघडला ते कोणाला म्हायती. तिथं भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, तर तिला अक्षर येत नाय. मग बोटं दाखवली. तर ती बोलते, बोटं तर मला आधी पण दिसायची."

यात नणंदेचं काही चुकलं नव्हतं.

"तू दिवसभर तिच्यासोबत असशील," भाचा म्हणाला. "जरा बघ, तिला खरंच नीट दिसतंय का. दिसत असलं तर तिला तयार कर. नसलं तर मी तारीख सोडतो. उगाच दुसरा पण डोळा कशाला बिघडवायचा?"

असं सगळं माझ्या गळ्यात टाकून त्याने फोन ठेवला. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. परीक्षा दिली होती, घेतली कधी नव्हती.

अक्षरांचा उपयोग नाही हे तर कळलंच होतं. मग मी परीक्षेला फुलपाखरं लावली. लहान असतात, हलतात, रंग असतो, आणि घरबसल्या फुकट दिसतात. चौथीनंतर शाळा सुटली तशी मी शेळ्यांमागे जायला लागले. शेळ्यांमागे बसलेल्या पोरीला बघायला दुसरं काय असतं? कुठलं फुलपाखरू कुठे बसतं हे मला माहीत आहे. नावं माहीत नाहीत. पांढऱ्या ठिपक्यांचं काळं लिंबावर येतं. पिवळी टाकळ्यावर. तपकिरी, कडा फाटल्यासारखी, ती सडक्या आंब्यावर नाहीतर फणसावर बसतात आणि हाकलली तरी जात नाहीत, पाहुण्यांसारखी.

नणंदेला मी कारण सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, तिला वास येतो.

"म्हणजे तू माझी परीक्षा घेणार," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू बोलशील ते खरं."

"मग काय तुझं?"

तिने चष्मा काढून पदराने पुसला. "घे," म्हणाली. "पन खोटं नको बोलू. डोळा गेला असंल तर गेला म्हन. मग हाय त्या डोळ्याला मी कुनाला हात लावू देनार नाय."

आमच्या पडवीतून समोर लिंबाचं झाड दिसतं, त्याच्या डावीकडे धुण्याचा दगड, आणि मागे घाणेरीचं कुंपण. सकाळची कामं उरकली की आम्ही दोघी तिथे बसायचो. पहिल्याच दिवशी लिंबावर ते मोठं काळं आलं. तिने बघितलं, मी बघितलं. तिने पंखावरचे ठिपके सांगितले. मी तिला मनातल्या मनात पास केलं.

त्यानंतर मात्र उन्हाळाच बिघडला. होळीनंतर गारा पडल्या. आंब्याचा मोहोर गेला, घाणेरीची फुलं गेली. नंतर असं ऊन पडलं की दुपारी कोंबड्याही ओरडेनात. शेजारच्याने बांधावर तणनाशक मारलं, त्यात टाकळ्याचं, रानतुळशीचं जे काय उरलं होतं तेही जळालं. पूर्वी करवंदाच्या जाळीतून चाललं की फुलपाखरं तोंडावर यायची, हाताने बाजूला करावी लागायची. यंदा रानात गेले तर करवंदं हिरवीच आणि जाळी रिकामी. मी भेटेल त्याला सांगत सुटले की यंदा फुलपाखरं नाहीत. गिरणीत सांगितलं, तर गिरणीवाला म्हणाला, आजी, धरण उशाला असून नळाला पाणी नाय, त्याचं बघा, फुलपाखरांचं काय घेऊन बसलात.

पण नणंदेला फुलपाखरं दिसतच होती.

"धुन्याच्या दगडापाशी बघ," ती एका सकाळी म्हणाली. "निळी निळी. नखाएवढी. ओल्यावर बसलीत."

मी बघितलं. दगड होता. दगडाखाली ओल होती. बाकी काही नव्हतं.

"काय नाय तिथं."

"हायत की गो. उडाली बघ. परत बसली."

"साबनाचा फेस असंल."

"फेस उडून परत बसतो व्हय?"

"तुझ्या धुन्याचा बसत असंल," मी म्हटलं. आणि मनातल्या मनात तिला नापास केलं.

आणखी एकदा संध्याकाळी तिने पडवीच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. म्हणाली, भिंतीला पाकोळी, म्हणजे तपकिरी फुलपाखरू, बसली आहे, सुक्या पानासारखी. मी जवळ जाऊन बघितलं, तर सुकं पानच होतं. केरसुणीने ते उंबऱ्याबाहेर लोटलं.

"उडाली," ती म्हणाली.

"वाऱ्यानं उडालं पान."

"वारा कुठं हाय?"

वारा नव्हता हे खरं. पण पानाला उडायला किती वारा लागतो, यावर मी तिच्याशी वाद घातला नाही. आत जाऊन भात उतरवला. जेवताना माझी सून म्हणाली की आजकाल तांदळात खडे फार येतात. मी म्हटलं, दुकानातला तांदूळ तसलाच. ती म्हणाली, हा आपल्या शेतातला आहे आई. मी म्हटलं, मग गिरणीत पडले असतील. माझी सून हुशार आहे. पुढे काही बोलली नाही.

तिने बोलायला पाहिजे होतं. पण मी कोणाला बोलू देते तेव्हा ना. त्याच आठवड्यात गोधडी शिवायला बसले, तर यंदाच्या सुयांची भोकंही बारीक झालेली. दोरा ओवून द्यायला मी नणंदेला सांगितलं. तिने काळा चष्मा कपाळावर चढवला, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि पहिल्या फटक्यात ओवून दिला. त्याचंही मला काही वाटलं नाही. दोरा चांगला निघाला, एवढंच वाटलं.

असे दिवस गेले. ती हे बघ म्हणायची, मी नाही म्हणायची. घाणेरीवर आहे, नाही. गवतावर आहे, नाही. हळूहळू तिचं बघ म्हणणं कमी झालं. आधी ती बोट दाखवून सांगायची. मग नुसतं विचारायला लागली. "ते हाय का गो तिथं?" मी नाही म्हटलं की मान हलवायची आणि डोळे मिटून बसायची. मी म्हटलं, आता शहाणी झाली. कोकणात खाली कुठेतरी गेली असतील फुलपाखरं, तिकडे गारा नव्हत्या ना, असंही मी तिला समजावलं.

एकदा तिने दोन्ही डोळ्यांवर आळीपाळीने हात ठेवून लिंबाकडे बघितलं. मी दळण निवडत होते.

"वयनी, मी पास का नापास?"

"अजून ठरायचंय."

"ठरलं असंल तर सांग. पोराला ताटकळत ठेवू नको." मग म्हणाली, "नसलेलं दिसतं म्हंजे डोळ्यापेक्षा डोक्याचंच झालं काय ते."

हे ती हसत म्हणाली, पण चष्मा काढलेला होता. दळणातला एक खडा सापडला तो मी उगाच लांब फेकला.

रात्री सुनेला म्हटलं, "तिचा डोळा बिघडलाय. भाच्याला सांगते, तारीख सोड."

सून भांडी लावत होती. "राब होऊ दे आई," ती म्हणाली. "मग फोन करा. घाई काय?"

"मग तारीख जाईल."

"राब दोन दिवसांवर आलाय. तारीख कुठं जात नाही."

राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा आम्ही उन्हाळ्यात भाजतो, ते काम. जमिनीवर शेण पसरायचं, त्यावर थंडीत तोडून वाळवलेल्या ऐनाच्या डहाळ्या, त्यावर गवत, वर थोडी माती, आणि पहाटे वारा उठायच्या आत पेटवायचं. सावकाश जळलं पाहिजे. भडकलं तर वरचं नुसतं जळतं आणि तणाचं बी जिवंत राहतं. आमच्या घरात राब मी पेटवते. नवरा होता तेव्हाही मीच पेटवायचे, तो भडकवायचा.

त्या दिवशी सुनेने आणि मी डहाळ्या पसरल्या. नणंदेला धूर वर्ज्य, म्हणून तिला थोडी लांब मोहाच्या झाडाखाली बसवली. अर्थातच चष्मा लावून. गवत टाकायचं राहिलं होतं, पण पूर्वेकडून वारा हलायला लागला तशी मी पेंढ्याची चूड पेटवली. म्हटलं, एका बाजूने सुरू करू, तोवर सून गवत टाकेल.

"वयनी, थांब."

मी थांबले नाही. ती काही ना काही सांगतच असते.

"थांब बोलते ना. त्या डहाळीला कोष हाय."

"सुकं फळ हाय," मी न बघताच म्हटलं. मग बघितलं. डहाळ्या होत्या, सुकी पानं होती. "फळ पन नाय. काय नाय."

ती ढेकळांतून चालत आली. चप्पल मोहाखालीच राहिलेली. माझ्या जवळ येऊन उभी राहिली, दम लागला होता.

"मला खरं सांग," ती म्हणाली. "तुला दिसत नाय का मला नसलेलं दिसतंय? मी आज दाखवते. नसलं तर पेटव आणि मंग फोन कर पोराला."

तिने माझा रिकामा हात धरला आणि वाकून डहाळीवर टेकवला. बोटांना लगेच कळलं. कोंबडीच्या लहान अंड्याएवढं, टणक, वर तारेसारखा देठ आणि तो फांदीला कडं करून आवळलेला. ऐनावरच्या मोठ्या पतंगाचा कोष. शेळ्यांमागे असताना आम्ही रिकामे कोष शोधायचो, खडे भरायचो आणि पोरांना खुळखुळा करून द्यायचो. हा रिकामा नव्हता. हलवला तर आत वजन हललं.

डोळ्यांपुढे हातावर होता, तरी मला राखाडी ढेकूळ दिसत होतं. ढेकूळसुद्धा आहे हे कळल्यावर दिसलं.

"आई, चूड," सून म्हणाली आणि माझ्या दुसऱ्या हातातली जळती चूड तिने काढून घेतली. बोटांपर्यंत आली होती. तिने ती मातीत विझवली, मग मोहाकडे बोट केलं. "त्या खोडावर काय बसलंय सांगा."

मी बघितलं. मोहाचं खोड माझ्या लग्नाआधीपासून तिथे आहे.

"काय नाय."

सुनेने नणंदेकडे बघितलं. नणंद म्हणाली, "काळपट हायत, वळीनं बसलीत. एक पंख मिटून, एक उघडं."

"हो," सून म्हणाली. "आहेत."

मी बांधावर बसले. पाय दुखत होते म्हणून बसले, असं मी त्या दोघींना सांगितलं. धुण्याच्या दगडापाशी काय होतं, हे मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, लहान निळी फुलपाखरं असतात आई, रोज असतात. आणि पडवीतलं पान? ते मी बघितलं नाही, म्हणाली, पण तसली येतात संध्याकाळी.

"मग यंदा फुलपाखरं कमी हायत का नाय?" मी विचारलं. निदान तेवढं तरी माझं बरोबर असावं.

"कमी आहेत," सून म्हणाली. "पण तुम्ही म्हणता तेवढी नाही."

दुसरी कोणी असती तर तिने तिथेच डोकं खाल्लं असतं. नणंद नुसती डहाळ्यांकडे बघत होती. मग बसली आणि एकेक डहाळी उचलून, उलटी करून बघायला लागली. आणखी दोन कोष काढले. प्रत्येक वेळी मला न विचारता सांगत होती, "हा बघ हाय." विचारणं गेलं होतं तिचं. तेवढ्यात वारा उठला. राब पेटवला तो भडकला, एका बाजूला काळा आणि एका बाजूला कच्चा. शेजारचा बांधावरून म्हणाला, "आजी, यंदा हात बिघडला का?" मी म्हटलं, हात नाही.

घरी आल्यावर मी भाच्याला फोन लावला. म्हणजे सुनेने लावून दिला.

"तारीख सोडू नको. तुझ्या आईचा डोळा चांगला हाय."

"नक्की, मामी? कसं कळलं?"

"माझा नाय, तेव्हा कळलं."

त्याला काही समजलं नाही. मागून नणंद ओरडली, "मामीसाठी पन तारीख बघ. दोघींची एकदम. ती नाय आली तर मी पन नाय."

मी म्हटलं, माझं वय झालं. ती म्हणाली, माझं काय बारसं झालंय? मी म्हटलं, घरी कोण बघेल? सून म्हणाली, मी बघेन. मी म्हटलं, पावसाच्या तोंडावर कशाला, दिवाळीनंतर करू. तेव्हा सून आत गेली आणि वाटीतून तांदळातले खडे घेऊन आली. पंधरवडाभर जेवताना निघालेले तिने जपून ठेवले होते. माझ्यापुढे वाटी ठेवली. ते मात्र मला दिसले.

"भ्याली," नणंद म्हणाली. "मी एकटी गेले व्हते पयल्यांदा. कोनाचा हात पन नाय धरला."

"डॉक्टरचा धरला होतास. भाचा बोलला."

"डॉक्टर म्हंजे कोन नाय."

कोष तिने दोऱ्याने पडवीच्या वाशाला टांगले. सुनेला सांगितलं, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हात मार, कोरडं राहिलं तर आतला जीव निघत नाही. तारखेला आम्ही दोघी दवाखान्याला निघालो तोवर काही झालं नव्हतं. पिशवी भरून निघेपर्यंत नणंद त्यांच्याकडे बघत होती. ऐनावरचा पतंग तिने लहानपणी एकदा पाहिला होता, माझ्या सासऱ्याच्या कंदिलावर आलेला, आणि आता नव्या डोळ्याने परत बघायचा होता. हे ती बोलली नाही. पण तिला हवं असतं ते ती बोलत नाही, नको असतं तेच बोलते.

दवाखान्यात आधी तिला नेलं. मी बाहेर बाकावर बसून होते आणि तिचा काळा चष्मा माझ्या मांडीवर. बाहेर आली ती हिरवी पट्टी लावून, म्हणाली, "काय नाय गो. टीव्हीसारखा उजेड असतो. जा." मग मी गेले. खरंच काही नव्हतं. पण ते तिला सांगायची गरज नव्हती.

परत आलो तर वाशाला टांगलेल्या कोषांपैकी एकाला वरून भोक पडलेलं. ओलसर, मऊ. आदल्या संध्याकाळी पतंग निघाला, सून म्हणाली. पंख वाळेपर्यंत खाली लोंबकळत होता, मग अंधार पडल्यावर उडून गेला.

नणंद उभीच राहिली. "थांबवायचा तरी."

"कसा थांबवू, आत्या? फोटो काढलाय."

फोन दोघींच्या मध्ये धरला. माझा एक डोळा पट्टीखाली आणि दुसरा तसाच जुना. काचेवर पिवळट काहीतरी होतं, हळदीचं बोट पुसल्यासारखं. नणंदेचा थंडीतला डोळा उघडा होता. तिने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, मान वाकडी केली.

"चार डोळे हायत पंखावर," ती म्हणाली. "गोल. मधून आरपार दिसतं, काच लावल्यासारखं. कडेला गुलाबी रेघ."

"खरंच?" मी सुनेला विचारलं.

"तिला काय विचारतेस, मी सांगते ना," नणंद म्हणाली. "सुपाएवढा व्हता."

"फोनात सूप कुठं मावतं?"

"तुला दिसत नाय तर गप."

मी गप्प बसले.